अंगणातली चारशे पातेली

तळहात असा आडवा धरा. मी हे वाक्य पुरं करेपर्यंत त्यातून चार-पाच म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद, आरपार गेलेसुद्धा. हे सुटे आलेले. आज बोलायचंय ते लाखोंच्या घोळक्याबद्दल.

वैश्विक किरण म्हणजे अवकाशातून आलेला कण, बहुधा एखादा प्रोटॉन. तो पंधरा-वीस किलोमीटर उंचीवर हवेतल्या अणुकेंद्रावर आदळतो. त्यातून नवे कण, त्यांच्यातून आणखी, असं करत जमिनीकडे कणांची एक पातळ तबकडी जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने उतरते. मूळ प्रोटॉन आपल्या हाती कधीच लागत नाही. 1938 साली पिएर ओझे यांनी आल्प्समध्ये 300 मीटरपर्यंत दूर ठेवलेली कण मोजणारी यंत्रं एकाच वेळी वाजताना नोंदली, तेव्हा हा वर्षाव केवढा पसरतो ते कळलं.

आपल्याकडे हे काम मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था उटीला करते, 2200 मीटर उंचीवर. प्रयोगाचं नाव ग्रेप्स-3. आठ-आठ मीटरवर सुमारे 400 डिटेक्टर, प्रत्येकी एक चौरस मीटरचे. आत खास प्लॅस्टिक असतं, कण त्यातून गेला की ते क्षणभर चमकतं आणि फोटोमल्टिप्लायर त्या चमकेची वीज करतो. पसारा 25,000 चौरस मीटर, म्हणजे झाकलेली जागा दोन टक्केसुद्धा नाही! पण पाऊस मोजायला अंगणभर पातेली कुठे मांडतो आपण? कोणत्या पातेल्यात किती पडलं यावरून सरीचा मध्य आणि जोर काढता येतो, आणि जोरावरून मूळ कणाच्या ऊर्जेचा अंदाज.

दिशा मात्र पातेलं सांगत नाही, ती घड्याळ सांगतं. तबकडी 30 अंश कलती आली, तर शेजारच्या डिटेक्टरपर्यंत तिला चार मीटर जास्त जावं लागतं. प्रकाश एका नॅनोसेकंदात 30 सेंटिमीटर जातो, म्हणजे फरक झाला साधारण 13 नॅनोसेकंदांचा. एवढ्यात केबल थोडी लांब निघाली तरी दिशा चुकते. मग ती बरोबर आहे हे ठरवायचं कसं? चंद्राकडून! चंद्र वैश्विक किरण अडवतो, त्यामुळे त्याच्या दिशेने येणारे वर्षाव कमी भरतात. ही तूट नेमकी चंद्रावर पडली, की यंत्राची नजर सरळ. मला ही युक्ती अजूनही फार आवडते.

बाजूलाच म्युऑन मोजणारी दुर्बीण आहे. दुर्बीण म्हणायचं, पण भिंग एकही नाही. दोन मीटर काँक्रीटखाली 3712 चौकोनी लोखंडी नळ्या, प्रत्येकी सहा मीटर लांब, चार थरांत आडव्या-उभ्या. कोलारच्या खाणीतल्या जुन्या प्रयोगातून आलेल्या. काँक्रीटमध्ये इलेक्ट्रॉन अडतात, म्युऑन पार होतात. वर्षावात म्युऑनांचं प्रमाण जास्त असलं, तर मूळ कण प्रोटॉन नसून लोखंडाच्या अणुकेंद्रासारखा जड असण्याची शक्यता वाढते.

याच नळ्यांनी 1 डिसेंबर 2014 ला भलतंच काहीतरी मोजलं. उटीवर वादळी ढग आले आणि म्युऑन सुमारे दोन टक्क्यांनी घटले, तेही अठराच मिनिटं. नळ्या बिघडल्या नव्हत्या. ढगातल्या विद्युतदाबाने म्युऑनांची ऊर्जा बदलत होती. उलट गणित मांडलं, तर दाब निघाला 130 कोटी व्होल्ट. फुग्यांतून उपकरणं पाठवून तोवर मोजलेल्या कमाल दाबाच्या दहापट.