गोरा शेतकरी, गोरी नवरी

मे सरत आला की अकोला-वाशीमकडच्या गावांत कृषी केंद्रासमोर कपाशीच्या बियाण्याचे फ्लेक्स लागतात. चार दुकानं सोडून ब्युटी पार्लरचा फ्लेक्स. चेहरे दोन्हींवर गोरेच.

बियाण्याच्या फ्लेक्सवरचा शेतकरी तर पाहण्यासारखा. पांढरंशुभ्र धोतर, गुलाबी गाल. उन्हात रापलेली माणसं त्याला हसतात, "याच्या पायाले तं मातीबी नाई लागली!" पाकीट घेताना त्याचा चेहरा कोणी पाहत नाही. शेजारच्या वावरात बोंडं किती लागली, अळी किती पडली, हे विचारलं जातं. २०१७ च्या गुलाबी बोंडअळीनंतर तर जास्तच.

मग हीच माणसं पार्लरच्या फ्लेक्सवरच्या गोरेपणाच्या क्रीमला का भुलतात? कारण क्रीमचा निकाल वावरात नाही, पाहुणे मुलगी पाहायला येतात तेव्हा लागतो. बायोडेटात 'वर्ण' असा रकानाच असतो. सावळी मुलगी तिथं 'गव्हाळ' होते, अन् फोटो स्टुडिओवाला न सांगताच चेहरा उजळून देतो. जाहिरातीला नवं काही शिकवावंच लागत नाही. भीती घरात तयार असते.

'फेअर अँड लव्हली' आली १९७५ साली. सावळा माणूस दुःखी किंवा लग्न-नोकरीत मागे पडलेला दाखवू नका, असं जाहिरात मानक परिषदेनं २०१४ मध्ये सांगितलं. २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला, वर्णद्वेषाची चर्चा जगभर पेटली, अन् डबीवरचं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं. बायोडेटातला रकाना आहे तिथंच आहे.

यातलं एक वाईट प्रकरण अकोल्याचंच. २०२२ मध्ये एका घरातल्या आई अन् दोन मुलींची मूत्रपिंडं बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी माग काढला, तो तिघी लावत असलेल्या गोरेपणाच्या क्रीमपर्यंत पोचला. क्रीममध्ये पारा होता. पारा त्वचेला रंग देणारं मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा खरंच उजळतो. जाहिरात खरी ठरते, हीच गोम. गिऱ्हाईक खूश होऊन बहिणीलाही डबी देतं.

गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा घालायला कायद्यानं बंदी आहे. पण बनवणाऱ्याचं नाव नाही, बॅच नंबर नाही, अशी डबी तपासणार कोण? ती घेऊ नका. अन् अशी क्रीम लावणाऱ्या कुणाच्या पायांवर सूज आली, लघवीला फेस येऊ लागला, तर डॉक्टरकडे जाताना डबीही सोबत न्या.