साहेबाची सत्ता आणि माजघर

नमस्कार श्रोतेहो.

वसाहतवाद म्हटलं की डोळ्यांपुढे येतात जहाजं, तोफा, तह, गव्हर्नर, आणि शेवटी उतरवलेला एक झेंडा नि चढवलेला दुसरा. इतिहासाच्या पुस्तकांनी ही बाजू चोख सांगितली आहे. पण परक्या अमलाखाली दोन-तीन पिढ्या काढलेल्या माणसाच्या संसाराचं काय झालं? नवरा-बायको एकमेकांशी कसं बोलायला लागले, बापाला पोराच्या कुठल्या गोष्टीचा अभिमान वाटू लागला आणि कुठल्या गोष्टीची लाज, याची नोंद सरकारी दप्तरात नसते. ती सापडते साहित्यात, आणि माझं मत विचाराल तर कादंबरीपेक्षा लघुकथेत अधिक. कादंबरीला चळवळ, पिढ्या, अख्खा देश पेलायचा असतो. कथा एखादं जेवण, एखादं लग्न, एखादी पायवाट धरते आणि तिथेच ठाण मांडून बसते. आज बोलायचं आहे ते आफ्रिका आणि कॅरिबियन बेटांमधल्या अशाच काही कथांविषयी. या सगळ्या कथांमध्ये साहेबाची सत्ता कचेरीतून निघून घरात येऊन बसली आहे.

जीन ऱ्हिस या लेखिकेचा जन्म 1890 सालचा, कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावरचा. पुस्तकं जाळली त्या दिवसाची, ‘द डे दे बर्न्ड द बुक्स’ नावाची तिची एक कथा आहे. ती सांगते एक लहान मुलगी, आणि गोष्ट आहे तिच्या एडी नावाच्या मित्राच्या घरची. एडीचे वडील मिस्टर सॉयर इंग्रज. आई बेटावरची, मिश्र वर्णाची, चांगली शिकलेली. सॉयर हा काही बडा अधिकारी नाही, मळेवाला नाही. एका छोट्या जहाज कंपनीचा एजंट. बोलण्याची ढब अशी, की मायदेशी त्याला कुणी सभ्य गृहस्थांत धरणार नाही. त्या बेटाचा, तिथल्या चांदण्याचासुद्धा त्याला तिटकारा. अशा माणसाला आपल्या मोठेपणाची खात्री करून घ्यायला हक्काची जागा एकच उरते, स्वतःचं जेवणाचं टेबल. पाहुणे बसलेले असताना, दारू चढली की तो बायकोचे केस ओढतो, तिच्या वर्णावरून बोलतो, आणि हे खरे केस आहेत बरं का, टोप नाही, असं सगळ्यांना दाखवतो. आणि ती हसायचा प्रयत्न करते. हा सगळा गमतीचा भाग आहे, इंग्रजांची थट्टा अशीच असते, असं पाहुण्यांना वाटावं म्हणून हसते.

ते हसू मला फार महत्त्वाचं वाटतं. अपमान गिळणं वेगळं आणि अपमान करणाऱ्याची लाज राखण्यासाठी हसणं वेगळं. पहिल्यात निदान मन आपलं राहतं.

सॉयर मरतो. मागे राहते त्याची पुस्तकांनी भरलेली खोली. बायको पुस्तकांची विभागणी करते, काही विकायला, काही जाळायला. जिवंत नवऱ्याला ती बोट लावू शकली नव्हती, ते सगळं आता कपाटावर निघतं. पण तिथे एडी उभा आहे. वडील सतत कौतुक करायचे ती इंग्लंडची डॅफोडिल फुलं आपल्याला आवडत नाहीत, असं बेधडक सांगणारा हाच मुलगा पुस्तकांसाठी मात्र जिवाच्या आकांतानं भांडतो आणि आईला म्हणतो, आता मला तुझाही द्वेष करावा लागेल. बापाचं जग नकोसं झालेल्या पोराला बापाची पुस्तकं हवी आहेत. छळ आणि शहाणपण एकाच माणसाच्या हातून आलं, तर पोरानं काय ठेवावं आणि काय टाकावं? ऱ्हिस याचं उत्तर देत नाही. मुलांच्या हाती एकेक पुस्तक लागतं. एडीच्या पुस्तकाची सुरुवातीची पानं फाटलेली आहेत.

सत्तेचं हे असं घरात झिरपणं हा नुसता लेखकांचा कल्पनाविलास नाही, याला एका डॉक्टरच्या टिपणांचा आधार आहे. फ्रान्झ फॅनन हे मार्टिनिक बेटावरचे कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ. 1953 ते 1956 या काळात ते अल्जीरियातल्या ब्लिदा इथल्या मनोरुग्णालयात काम करत होते. 1961 साली आलेल्या त्यांच्या शेवटच्या पुस्तकात त्यांनी काही रुग्णांची हकिकत दिली आहे. त्यातला एक आहे युरोपीय पोलिस इन्स्पेक्टर. दिवसभर कैद्यांचा छळ करायचा ही त्याची नोकरी. आणि आता तो घरी बायकोला मारतो, मुलांना मारतो, अगदी तान्ह्या पोरालासुद्धा. तो फॅननकडे आला तो नोकरी सोडायची म्हणून नव्हे. हे काम मनाला न लागता करता यावं, असा उपाय त्याला हवा होता. म्हणजे जो चाबूक चालवतो त्याचंही घर शाबूत राहत नाही.

आता सत्तेच्या दुसऱ्या टोकाकडे येऊ, जिथे साहेबानं घडवलेला माणूस उभा आहे. चिनुआ अचेबे यांची ‘डेड मेन्स पाथ’ ही जेमतेम चार पानांची कथा 1949 सालच्या नायजेरियात घडते. मायकेल ओबी हा तरुण मुख्याध्यापक, हुशार, सुधारणेच्या ध्यासानं पेटलेला. शाळेच्या आवारातून गावकऱ्यांची एक जुनी पायवाट जाते. मेलेल्यांचे आत्मे या वाटेनं जातात आणि जन्माला येणारी मुलंही याच वाटेनं येतात, अशी गावाची श्रद्धा. ओबी तिच्यावर काटेरी तार घालतो. मग गावातली एक बाई बाळंतपणात दगावते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाग उद्ध्वस्त, शाळेची एक इमारत पाडलेली. त्याच दिवशी तपासणीला गोरा अधिकारी येतो आणि या प्रकाराचा काही दोष नव्या मुख्याध्यापकाच्या अतिउत्साहावर ठेवतो. ज्याच्या शाबासकीसाठी ओबीनं आपल्या माणसांशी वैर घेतलं, त्यानंच त्याला वाऱ्यावर सोडलं. कथेत त्याची बायको नॅन्सी थोडाच वेळ दिसते, पण तिला विसरू नका. नवऱ्याच्या आधुनिकतेची तिला मनापासून लागण झाली आहे आणि शाळेची राणी म्हणून मिरवायची स्वप्नं ती रंगवते आहे. त्यांच्या संसारातला गोडवासुद्धा गावाला कमी लेखण्यावर उभा आहे.

केनियाच्या न्गुगी वा थिओंगो यांच्यापाशी मात्र मला जास्त वेळ थांबायचं आहे. गेल्या पिढीत हा प्रश्न इतका जवळून पाहिलेला लेखक क्वचितच सापडेल. त्यांनी आपल्या शाळेची एक आठवण लिहून ठेवली आहे. आवारात गिकुयू म्हणजे स्वतःची भाषा बोलताना कुणी सापडलं की छड्या, नाहीतर गळ्यात मी मूर्ख आहे अशी पाटी. गुन्हेगार पकडायचा कसा? सकाळी एका मुलाच्या हाती एक बटण द्यायचं. जो मातृभाषेत बोलताना ऐकू येईल त्याला त्यानं ते द्यायचं, त्यानं पुढच्याला. संध्याकाळी बटण ज्याच्याकडे असेल त्यानं सांगायचं कुणी दिलं, मग त्यानं सांगायचं, अशी दिवसभरातली सगळी साखळी उघडी पडायची. शिक्षकाला काही करावंच लागत नव्हतं. मित्रानं मित्रावर पाळत ठेवावी, हे पोरं आपसूक शिकत होती. पुढे न्गुगींनी आपलं जेम्स हे नाव टाकलं आणि कथा-कादंबऱ्यांसाठी गिकुयू भाषेकडे परत गेले.

1975 साली आलेल्या ‘सीक्रेट लाइव्ह्ज’ या त्यांच्या संग्रहात ‘वेडिंग अॅट द क्रॉस’ नावाची कथा आहे. वारियुकी हा दुधाच्या कामावरचा साधा कारकून, सायकलवर कसरती करून दाखवणारा, मोकळा, आनंदी गडी. मिरियामू त्याच्या प्रेमात पडते. तिचा बाप डग्लस जोन्स श्रीमंत, चर्चमधला वजनदार माणूस. मागणी घालायला आलेल्या वारियुकीला तो चारचौघांदेखत त्याच्या गरिबीवरून सोलून काढतो. दोघं पळून जाऊन संसार थाटतात. हालाखीचे दिवस असतात, पण तो घरी येऊन हसतो, गोष्टी सांगतो, नाचतो. मिरियामूला तेवढं पुरतं. वारियुकीला पुरत नाही. सासऱ्यापुढे झालेला तो पाणउतारा त्याच्या छातीत रुतून बसलेला असतो. तो महायुद्धात जाऊन येतो. देशात इंग्रजांविरुद्ध माऊ माऊचा सशस्त्र लढा पेटतो तेव्हा सरकारच्या बाजूला राहतो. त्या निष्ठेचं फळ मिळतं, लाकडाचा धंदा वाढतो, पैसा येतो. आणि नाव बदलतं. तो होतो डॉज डब्ल्यू. लिव्हिंगस्टन, ज्युनियर.

मिरियामू मजुरांच्या प्रार्थनेला जाते, जिथे ढोल वाजतात, माणसं मोठ्यानं रडतात नि गातात. ते त्याला चालत नाही, प्रतिष्ठितांच्या चर्चमध्ये यायचं. आणि मग सासरा प्रसन्न होतो. चर्चमध्ये, क्रुसापुढे रीतसर लग्न लावायचं ठरतं. मुलंबाळं झालेल्या जोडप्याचं पांढऱ्या झग्यातलं लग्न! सगळं गाव जमतं. पाद्री विचारतो आणि मिरियामू सगळ्यांसमोर नाही म्हणते. तिचं म्हणणं सरळ आहे. माझं लग्न वारियुकीशी झालं होतं, आणि तो मेला आहे.

ही कथा वाचताना मला प्रत्येक वेळी लिव्हिंगस्टनची कणव येते. त्याला वाईट माणूस म्हणून सोडून देता येत नाही. ज्या माणसानं त्याला तुच्छ लेखलं, त्याच्याच डोळ्यांनी तो आयुष्यभर स्वतःकडे पाहत राहिला. आणि त्याला मिरियामू परत मिळवायची नव्हतीच, ती तर त्याच्यापाशीच होती. त्याला हवी होती डग्लस जोन्सची मान्यता. इंग्रज या कथेत फारसा दिसतच नाही, त्याची गरजच उरलेली नाही.

घानाच्या आमा आता आयडू यांनी हाच प्रश्न वेगळ्या जागी उभा केला आहे, सरकारी विश्रामगृहात. घाना 1957 साली स्वतंत्र झाला. 1970 सालच्या ‘नो स्वीटनेस हिअर’ या संग्रहातल्या एका कथेत झिरिगू नावाचा म्हातारा खानसामा आहे. आयुष्यभर त्यानं गोऱ्यांसाठी गोऱ्यांचं जेवण रांधलं. आता कोबिना नावाचा तरुण डॉक्टर उतरायला येतो, त्याच्याच देशाचा, त्याच्याच वर्णाचा. तरी झिरिगू त्याला मालक म्हणतो. कोबिनाला आपलं देशी जेवण हवं असतं, पण ते झिरिगू करत नाही, ते काम त्याच्या बायकोचं. कोबिनाच्या मनात येतं, की हा माणूस बायकोपुढे पुरुष, गोऱ्यांपुढे बाई. मग आता काळ्या साहेबाची चाकरी करताना हा कोण? शेवटी म्हातारा त्याला विचारतो, मालक, हे स्वातंत्र्य म्हणजे काय असतं? तो टोमणा मारत नाही. त्याला खरंच ठाऊक नाही.

इथे कुणी विचारेल, की घरातल्या प्रत्येक दुखण्याचं खापर साहेबावर फोडायचं का? रास्त प्रश्न आहे, आणि त्याला सर्वांत प्रामाणिकपणे भिडल्या त्या बेसी हेड. जन्म दक्षिण आफ्रिकेतला, पुढचं आयुष्य बोट्सवानात गेलं. 1977 सालच्या ‘द कलेक्टर ऑफ ट्रेझर्स’ या कथेत दिकेलेदी नावाची बाई नवऱ्याच्या खुनाबद्दल जन्मठेप भोगते आहे. नवरा गारेसेगो सरकारी कारकून. देश 1966 साली स्वतंत्र झाला आणि त्याचा पगार महिना 50 रँडवरून 200 रँडवर गेला. पैसा हाती येताच त्यानं बायको आणि तीन मुलं टाकली, दारू आणि बायांच्या नादी लागला. दिकेलेदीनं शिवणकाम, विणकाम करून, घरं शाकारून मुलं वाढवली. थोरल्याच्या फीसाठी थोडे पैसे कमी पडले म्हणून तिनं नवऱ्याकडे मागितले, तर त्यानं तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले आणि वर नवरेपणाचा हक्क सांगत घरी आला. पुढे जे घडलं ते घडलं.

मधेच हेड कथा थांबवून चक्क विवेचन करतात. लघुकथेच्या शिस्तीत हे बसत नाही, पण मला ते पानं उलटून परत वाचावंसं वाटतं. त्या म्हणतात, पहिली चूक पूर्वजांची. बाईला कमी दर्जाचं माणूस त्यांनीच ठरवलं. मग वसाहतीचा काळ आला. कराचे पैसे भरायला पुरुषाला दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत जावं लागलं, घरं मोडली, तो गोऱ्याचा पोऱ्या झाला. तिसऱ्यांदा आलं स्वातंत्र्य, आणि आत काहीच शिल्लक नसलेल्या या माणसाच्या हाती एकदम पैसा पडला. साहेब येण्याआधीचा अन्याय त्या झाकत नाहीत. आणि शेजारी त्यांनी पॉल थेबोलो उभा केला आहे, त्याच इतिहासातून आलेला, तरी बायकोला सन्मानानं वागवणारा, दिकेलेदीच्या घराला आधार देणारा. तेव्हा इतिहासाकडे बोट दाखवून गारेसेगोची सुटका होत नाही.

नंतरच्या पिढीतल्या चिमामांडा न्गोझी अदिची यांनी ‘द हेडस्ट्राँग हिस्टोरियन’ या कथेत हा धागा आणखी पुढे नेला. न्वामग्बा ही विधवा. नवऱ्याची जमीन भाऊबंदांनी लाटलेली. गोऱ्यांच्या कोर्टात इंग्रजी येणारा खोटारडा जिंकतो आणि खरा मालक मार खातो, हे तिच्या कानी येतं. म्हणून ती मुलाला मिशनच्या शाळेत घालते, आणि तीसुद्धा निवडून. एका मिशनमध्ये इंग्रजीऐवजी इग्बो या तिच्याच भाषेतून शिकवतात म्हटल्यावर तिथून उठून दुसऱ्या मिशनकडे जाते. तिला कुणी फसवलेलं नाही, भुरळही पडलेली नाही. तिनं रोखठोक हिशेब केला होता, पण त्याची किंमत तिच्या अंदाजापेक्षा मोठी निघाली. मुलगा बाप्तिस्मा घेऊन मायकेल होतो आणि आईच्या देवाधर्माची त्याला लाज वाटू लागते. नात ग्रेस मात्र आजीकडे वळते, इतिहासकार होते, आणि उतारवयात कोर्टात जाऊन आजीनं ठेवलेलं अफामेफुना हे नाव रीतसर घेते. वारियुकीच्या नावाचा प्रवास आणि हिच्या नावाचा प्रवास शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

यातली आधी कुठली वाचू, असं कुणी विचारलं तर मी अचेबेंची सांगेन, ती एका बैठकीत संपते. ‘वेडिंग अॅट द क्रॉस’साठी मात्र निवांत वेळ काढा. तिच्यातलं गरिबीच्या दिवसांचं वर्णन घाईनं ओलांडू नका, मिरियामूच्या नकाराचं सगळं कारण न्गुगींनी तिथेच देऊन ठेवलं आहे.

नमस्कार.