पोच कुर्ल्याहून येते

(दृश्य: वांद्रे-कुर्ला संकुल, ऑफिसला निघालेली गर्दी)

बुधवार, २४ फेब्रुवारी २०२१. उद्या महिन्याची एक्स्पायरी, म्हणजे वायद्यांच्या सौद्यांची मुदत संपायचा दिवस, त्यामुळे बाजार तेजीत आणि ब्रोकर घाईत. सकाळी दहा वाजून काही मिनिटं होतात आणि पडद्यावरचा निफ्टीचा आकडा हलेनासा होतो. शेअर्सचे सौदे होताहेत, निर्देशांक मात्र ढिम्म. अकरा चाळीसला राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, सगळे व्यवहार थांबवतो. तिकडे फोर्टात बीएसई बिनघोर चालू आहे.

गंमत अशी, की सौदे जुळवणारं इंजिन एनएसईतही ठणठणीत होतं. गेली होती ती रिस्क मॅनेजमेंट सिस्टिम. कुठल्या ब्रोकरचं किती मार्जिन, म्हणजे सौद्यांसाठी ठेवलेली अनामत, वापरून झालं, हे ती क्षणोक्षणी मोजते. तिच्याशिवाय सौदे चालू ठेवणं म्हणजे खात्यातली शिल्लक न बघता चेक वटवत बसणं. निर्देशांक, क्लिअरिंग (सौद्यांची देणीघेणी), सर्व्हेलन्स (बाजारावरची नजर), सगळंच तिच्याबरोबर आडवं झालं. आणि सुरुवात कुठून झाली होती? एनएसईने नंतर दिलेल्या खुलाशानुसार, रस्त्यावरच्या खोदकामातून.

(दृश्य: नकाशा. बीकेसी, कुर्ला, दूर खाली चेन्नई)

एनएसईचं मुख्य डेटा सेंटर बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. जवळची दुसरी जागा कुर्ल्यात, तिला निअर साइट म्हणतात. आणि डीआर (डिझास्टर रिकव्हरी) साइट, म्हणजे आपत्तीत काम हलवायची राखीव जागा, चेन्नईला.

बीकेसीतला सर्व्हर एखादी नोंद लिहायला काढतो, तेव्हा ती स्टोरेज अ‍ॅरेकडे, म्हणजे डेटा साठवणाऱ्या डिस्कच्या संचाकडे, जाते. अ‍ॅरे ती आपल्या कॅशमध्ये, म्हणजे वेगवान तात्पुरत्या मेमरीत, घेतो, पण सर्व्हरला लगेच ‘झालं’ म्हणत नाही. आधी तीच नोंद फायबरवरून कुर्ल्याच्या अ‍ॅरेला पाठवतो. तिथून पोच आली, की मगच सर्व्हरला होकार जातो. हे सिंक्रोनस रेप्लिकेशन. बीकेसीची इमारत या क्षणी नाहीशी झाली, तरी होकार मिळालेली प्रत्येक नोंद कुर्ल्यात असणार.

मग थेट चेन्नईच्याच पोचेची वाट का बघू नये? कारण प्रकाशालाही वेळ लागतो. फायबरमधून तो सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. १०० किलोमीटरवर जाऊन परत यायला एक मिलिसेकंद. चेन्नई सरळ रेषेत हजार किलोमीटरच्या पुढे, केबल त्याहून लांबची. म्हणजे प्रत्येक नोंदीमागे किमान दहा मिलिसेकंद. ऐकायला किरकोळ वाटतं. पण डेटाबेसच्या लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या क्रमवार वहीत, आधीची नोंद पक्की झाल्याशिवाय पुढची घ्यायची नाही म्हटलं, तर सेकंदाला शंभर नोंदींवरच गाडी अडते. शेअर बाजाराला हे कसं परवडणार?

म्हणून लांबच्या जागेसाठी असिंक्रोनस. इथे होकार लगेच, बदल मागून. आपत्ती आलीच, तर जे वाटेत असेल तेवढं गेलं. किती गेलेलं चालेल याची मर्यादा आधी ठरवतात, तिला आरपीओ म्हणतात. यातली खरी मेहनत वेगात नाही, क्रम राखण्यात आहे. लॉग एका व्हॉल्यूमवर, म्हणजे स्टोरेजच्या एका भागावर, टेबलं दुसऱ्यावर. टेबलातला बदल पोचला आणि त्याच्या आधीची लॉगमधली नोंद राहिली, तर त्या प्रतीचा भरवसा उरत नाही. त्यामुळे ही व्हॉल्यूम्स एका गटात बांधतात. थांबायचं तर सगळ्यांनी एकाच क्षणी.

(जाता जाता: रेप्लिकेशन म्हणजे बॅकअप नव्हे. कुणी चुकून टेबल उडवलं, तर ते कुर्ल्यातही तितक्याच इमानाने उडतं.)

(दृश्य: खोदलेला रस्ता, चरात लोंबणाऱ्या केबल)

आता अवघड प्रश्न. लिंकच तुटली आणि पोच आलीच नाही, तर? दोन वाटा. एक, लिहिणं थांबवायचं. दोन्ही प्रती तंतोतंत राहतात, पण काम ठप्प. दुसरी, रेप्लिकेशन स्थगित करून एकट्याने पुढे जायचं, काय काय बदललं याची नोंद ठेवायची आणि लिंक आल्यावर तेवढंच पाठवायचं. एनएसईची रचना दुसऱ्या प्रकारची होती. दोन कंपन्यांच्या लिंक्स होत्या; त्या दिवशी दोन्हींकडच्या लिंक्स डळमळल्या. तरीही मुख्य अ‍ॅरेने चालत राहायला हवं होतं. तसं झालं नाही. सर्व्हर्सना बीकेसीतलंच स्टोरेज दिसेनासं झालं. जिच्यामुळे डेटा सुरक्षित राहायचा, त्या प्रतीच्या वाटेतच मूळ अडकलं.

मला त्याहून बोचतो तो पुढचा भाग. डेटा कुठेही हरवला नव्हता, आणि चेन्नई होतीच. पण तिकडे जायचं, की इथेच दुरुस्त होईल म्हणून थांबायचं? बाजार अखेर पावणेचारला उघडला आणि पाच वाजेपर्यंत चालला. तोवर अनेक ब्रोकरनी, आता एनएसई उघडत नाही असं धरून, इंट्राडेचे, म्हणजे त्याच दिवशी पुरे करायचे, सौदे बीएसईवर मिटवून टाकले होते. डीआर साइटवर का गेला नाहीत, असं बाजार नियामक सेबीने त्याच दिवशी विचारलं.

महिन्याभरात नियम आला. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली, तर ३० मिनिटांत ‘आपत्ती’ जाहीर करायची आणि तिथून ४५ मिनिटांत डीआर साइटवरून काम सुरू करायचं. डेटाची मर्यादा, म्हणजे आरपीओ, १५ मिनिटं. माझ्या मते यातली ३० मिनिटं सगळ्यात मोलाची, कारण ‘अजून पाच मिनिटं थांबू’ म्हणायची सोय त्यांनी काढून घेतली.

(दृश्य: शनिवारचं रिकामं बीकेसी)

शनिवार, २ मार्च २०२४. एरवी सुट्टी, पण डीआर साइटवर जायची तालीम म्हणून बाजार खास उघडला. सव्वानऊ ते दहा मुख्य जागेवरून. मग मध्यंतर, आणि पुढचं सत्र डीआर साइटवरून, खरे पैसे, खरे सौदे. दुसऱ्या सत्रात झालेले सौदे आधी डीआर साइटच्या अ‍ॅरेवर लिहिले गेले. अशा वेळी मुंबईला परतायचं, तर रेप्लिकेशनची दिशा उलटावी लागते: डीआर मूळ, मुंबई प्रत. दोन्ही बाजू जुळल्या, की पुन्हा सुलट. सोमवारी सव्वानऊच्या आत.