झेम्प्लेनचे किल्ले: हंगेरीत तट पाडले कोणी?

नमस्कार मंडळी! हंगेरीत किल्ले बघायचे म्हटलं की बहुतेक जण एगेरला जातात. जायलाच हवं. १५५२ मध्ये दोबो इश्त्वान या किल्लेदाराने साधारण २,००० माणसांनिशी तुर्कांच्या प्रचंड फौजेला महिनाभराहून जास्त काळ झुंजवलं. पण तेवढंच बघून परतलात, तर इथले किल्ले तुर्कांनी उद्ध्वस्त केले असा समज घेऊन परताल. म्हणून आज आपण आणखी पुढे जाऊ, देशाच्या ईशान्य कोपऱ्यात, झेम्प्लेनच्या डोंगरात. इथले तट पाडले ते हंगेरीचाच मुकुट घातलेल्या राजाच्या सैन्याने.

[स्क्रीनवर नकाशा]

नकाशा नीट बघा. १५२६ मध्ये तुर्कांविरुद्ध मोहाचच्या लढाईत हंगेरीचा राजा पडला. त्यानंतर पंधराएक वर्षांत देशाचे तीन तुकडे झाले: मधला भाग तुर्कांकडे, पश्चिम आणि उत्तर ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याकडे, आणि पूर्वेला ट्रान्सिल्व्हेनिया. झेम्प्लेन येतं हाब्सबुर्ग आणि ट्रान्सिल्व्हेनिया यांच्या मध्ये. त्यामुळे इथल्या सरदारांना कायम दोन दरबारांकडे लक्ष ठेवावं लागे.

सुरुवात करू फ्यूझेरपासून. समुद्रसपाटीपासून ५५२ मीटर, ज्वालामुखीतून तयार झालेला सुळका आणि त्याच्या माथ्यावर किल्ला. सह्याद्रीत भटकणाऱ्या माणसाचे पाय इथे आपोआप वळतात. पण खरी गोष्ट आहे मुकुटाची. मोहाचनंतर गादीवर दोघांनी हक्क सांगितला, सापोल्याई यानोश आणि हाब्सबुर्ग फर्डिनांड. हंगेरीत तेव्हा रूढी अशी, की हंगेरीचा पहिला राजा संत इश्त्वान याच्या नावाचा पवित्र मुकुट डोक्यावर चढला तरच राजा. आणि मुकुटाचा रखवालदार होता पेरेन्यी पेतेर, या किल्ल्याचा मालक. सापोल्याईचा राज्याभिषेक झाल्यावर पेरेन्यीने मुकुट इथे फ्यूझेरवर आणून ठेवला. पुढच्याच वर्षी तो फर्डिनांडला जाऊन मिळाला, आणि नोव्हेंबर १५२७ मध्ये तोच मुकुट फर्डिनांडच्या डोक्यावर चढला. एका राज्याचा वारसा कोणाकडे जाणार, हे ठरवणारी वस्तू या सुळक्यावर कुलूपबंद होती. वर उभं राहून हे आठवून बघा!

१६७६ मध्ये बादशाही सैन्याने, म्हणजे हंगेरीचा राजाही असलेल्या हाब्सबुर्ग बादशहाच्या सैन्याने, हा किल्ला जाळला. कारण साधं आहे. हाब्सबुर्गांविरुद्ध उठलेल्या बंडखोरांच्या हातात मजबूत तट राहू द्यायचे नव्हते. १८१८ नंतर इंग्रजांनी आपल्याकडच्या किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, त्यामागे हाच हिशेब होता.

आज फ्यूझेरवर गेलात तर पडके दगड कमी आणि नवी छपरं जास्त दिसतील. अलीकडच्या वर्षांत वाडा, प्रार्थनाघर, स्वयंपाकघर पुन्हा बांधून काढलंय, उत्खनन आणि १७ व्या शतकातल्या सामानाच्या याद्या यांच्या आधाराने. यावर मतभेद आहेत. माझं मत सांगतो. मला हे काम आवडतं, कारण त्या काळी चूल कुठे पेटायची, झोपायचं कुठे, हे इथे समजतं. मात्र भिंतीकडे बघताना जुना दगड कुठे संपतो हे शोधत राहा. ते शोधलं नाहीत तर अर्धा किल्ला बघितलाच नाही.

फ्यूझेरनंतर बोल्दोग्क्योला जावं. १३ व्या शतकातला, मंगोल स्वारीनंतर बांधलेला किल्ला. लांबट, अरुंद कातळाच्या धारेवर तो असा बसलाय की कातळ कुठे संपला आणि भिंत कुठे सुरू झाली ते कळत नाही. धारेच्या टोकापर्यंत लाकडी पूल नेलाय. वारा असेल तर कठडा धरूनच चाला.

रेगेत्सबद्दल थोडक्यात: दुसऱ्या राकोत्सी फेरेंत्सच्या बालपणाची काही वर्षं इथे गेली. त्याची आई झ्रीन्यी इलोना. तिच्या वडिलांना, झ्रीन्यी पेतेरना, हाब्सबुर्गविरुद्धच्या कटासाठी १६७१ मध्ये मृत्युदंड झाला. आणि हिने पुढे मुंकाचचा किल्ला बादशाही फौजेविरुद्ध दोन वर्षांहून जास्त लढवला. (मुंकाच आज युक्रेनमध्ये आहे.) अशा आईच्या हाताखाली वाढलेल्या मुलाने १७०३ ते १७११ हाब्सबुर्गांविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध चालवलं, यात नवल नाही.

त्याच राकोत्सी घराण्याचा वाडा शारोश्पतकला, बोद्रोग नदीच्या काठी. त्यातला लाल बुरुज पेरेन्यी पेतेरने १५३४ मध्ये बांधायला घेतला, म्हणजे मुकुटवाला तोच माणूस. एका कोपऱ्यातल्या खोलीच्या छतावर गुलाब कोरलाय. कटवाल्यांच्या गुप्त बैठका या गुलाबाखाली होत, असं तिथे सांगतात. १७०२ मध्ये बादशहा लिओपोल्डच्या हुकमाने इथली तटबंदी उडवली. ज्या एगेरने १५५२ मध्ये तुर्कांना दाद दिली नव्हती, त्याच्या बाहेरच्या तटालाही त्याच वर्षी सुरुंग लागला. हंगेरीतली ५०० फोरिंटची नोट हातात आली तर उलटून बघा: पुढे राकोत्सी, मागे हा शारोश्पतकचा वाडा.

आता जायचं कसं. बुडापेस्टहून आगगाडीने मिश्कोल्त्स, सेरेंच करत शारोश्पतकला उतरा आणि मुक्काम तिथेच ठेवा. बोल्दोग्क्योसाठी सेरेंचहून हिदाश्नेमेतीच्या बाजूला जाणारी छोटी गाडी चालू असेल तर ती बघा. स्टेशनवरूनच किल्ला दिसतो. फ्यूझेर आणि रेगेत्सला मात्र भाड्याची मोटार बरी, बसची वाट बघण्यात दिवस जातो. आणि हे दोन्ही एकाच दिवसात कोंबू नका. फ्यूझेरला अख्खी सकाळ द्या.