पान उलटून बघा

(दृश्य: मार्चमधली सकाळ. घराच्या कुंपणालगत जास्वंदीची रांग. कॅमेरा एका शेंड्यापाशी थांबतो.)

जास्वंदीला कळ्या लागतात, पण उमलायच्या आधीच गळून पडतात. शेंड्याची पानं आखडलेली, एकमेकांत गुरफटलेली. आणि त्या गुंत्यात, कळीच्या देठाशी, काहीतरी पांढरं चिकटलेलं. ही बुरशी आहे असं समजून कितीतरी जण बुरशीनाशक आणून मारतात. त्याचा इथे काहीच उपयोग होत नाही, कारण हे किडे आहेत. पिठ्या ढेकूण. आपले द्राक्षबागायतदार त्याला मिलीबग म्हणतात.

अंगावरचं हे पीठ म्हणजे मेण. त्यावर पाणी ठरत नाही आणि औषधही ठरत नाही. मोठ्या ढेकणांवर फवारणी वाया जाते ती यामुळेच. अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली पिल्लं मात्र जवळजवळ उघडी असतात आणि नव्या कोवळ्या जागेच्या शोधात फांदीभर फिरतात. त्यांना गाठायचं, तर शेंडे दर आठवड्याला बघायला हवेत.

(दृश्य: खोडावरून वर चढणाऱ्या मुंग्यांची रांग.)

कीड दिसण्याआधी बहुतेकदा मुंग्या दिसतात. पिठ्या ढेकूण, मावा, खवले कीड ही सगळी मंडळी झाडाचा रस शोषतात आणि त्यातली जास्तीची साखर बाहेर टाकतात. पानं हाताला चिकट लागतात ती या चिकट्यामुळे. त्यावर काळी बुरशी धरते. विदर्भात संत्र्याच्या बागांमध्ये काळ्या माशीच्या चिकट्यावर अशीच काजळी चढते, तिला तिकडे कोळशी म्हणतात. मुंग्यांना हा चिकटा हवा असतो, म्हणून त्या किडीची राखण करतात. किडीला खायला आलेल्या कीटकांना हुसकावून लावतात. तेव्हा मुंग्यांची वाट आधी तोडा. खोडाभोवती कापडाची पट्टी घट्ट बांधा आणि तिच्यावर ग्रीस लावा. ग्रीस थेट सालीवर लावू नका. दुसरी एखादी फांदी भिंतीला टेकत असेल तर तीही छाटा, नाहीतर मुंग्या तिकडून येतील.

(दृश्य: एकाच फांदीवर दोन पांढरे जीव, शेजारी शेजारी. एक लहान, जागेवर बसलेला. दुसरा मोठा, लांब केसाळ, भराभर चालणारा.)

आता हे दृश्य जरा नीट बघा. आपल्या बागांमधली सगळ्यात मोठी चूक इथेच होते.

डावीकडचा पिठ्या ढेकूण. उजवीकडचा त्याच्यासारखाच पांढरा, पण आकाराने कितीतरी मोठा आणि चालायला चपळ. हा मोठा ढेकूण नव्हे. ही क्रिप्टोलीमस नावाच्या छोट्या भुंगेऱ्याची अळी आहे, आणि ती ढेकूण खायला आली आहे. मूळचा ऑस्ट्रेलियातला हा भुंगेरा 1898 मध्ये भारतात आणला गेला. मोठा झाला की अंग काळपट, डोकं नारिंगी. अळी असो की भुंगेरा, दोघंही ढेकणांवर जगतात. जैविक कीड नियंत्रणाच्या प्रयोगशाळांमध्ये लाल भोपळ्यावर आधी पिठ्या ढेकूण वाढवतात आणि मग त्यांच्यावर या भुंगेऱ्यांची पैदास करतात. आणि आपण काय करतो? हीच अळी सगळ्यात ठळक दिसते, म्हणून आधी तिलाच चिरडतो. हे बघून खरंच जीव तुटतो. म्हणून काडीने हळूच डिवचून बघा. तुरुतुरु पळाली, तर तिला तिथेच राहू द्या.

(दृश्य: पपईचं झाड. पानांच्या खाली पांढरा थर.)

औषधाने न आवरलेला ढेकूण एका इवल्याशा कीटकाने आवरला, हे आपल्याच देशात घडलं आहे. 2008 मध्ये कोइमतूरजवळ पपईवर एक नवा पिठ्या ढेकूण सापडला. तो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. इथे त्याला खाणारं कुणी नव्हतं. तमिळनाडू, केरळ, कर्नाटक करत तो महाराष्ट्रातही पोचला. पपईच्या बागा गेल्या, तुतीचं नुकसान झालं, आणि घरच्या जास्वंदीवर, चाफ्यावरही तो बसला. शेतकऱ्यांनी फवारण्यांमागून फवारण्या केल्या, पण कीड हटेना. मग 2010 मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने पोर्तो रिकोहून त्याचे नैसर्गिक शत्रू मागवले. त्यातला ॲसेरोफॅगस पपाये हा सगळ्यात कामाचा ठरला. एक मिलिमीटरहूनही लहान असलेली ही गांधीलमाशीच्या कुळातली माशी ढेकणाच्या अंगात अंडं घालते आणि तिची अळी त्याला आतून खाते. ती सोडल्यावर काही महिन्यांतच कीड ओसरू लागली. जिथे जालीम औषधं मारली जातात, तिथे ही माशीही मरते, ढेकूण मात्र मेणाखाली वाचतो.

मग घरी करायचं काय? गुरफटलेले शेंडे छाटून थेट पिशवीत भरा आणि तोंड बांधा. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. उरलेल्या फांद्यांवर, पानांच्या खालच्या बाजूने, पाण्याचा जोरदार फवारा मारा. त्यानंतर निंबोळी अर्क. 50 ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, थोडा साबण मिसळा. फवारणी संध्याकाळीच करा, उन्हात निंबोळीतला गुण लवकर उतरतो. क्रिप्टोलीमसची अळी दिसलेल्या फांदीवर मात्र निंबोळीसुद्धा नको.

(दृश्य: कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा ठिपका. तो हलतो.)

ही फुलपाखराची अळी. लहानपणी अशी, मोठेपणी हिरवीगार. हात लावला तर डोक्यामागून शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. लिंबू, बेल, कढीपत्ता हे तिचं खाद्य. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू असलेल्या ब्लू मॉरमॉनच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात. कुंडीतलं रोप असेल तर अळ्या उचलून मोठ्या झाडावर सोडा. मोठ्या झाडाला चार-सहा अळ्यांनी काही होत नाही.

(दृश्य: जुना पेरू. सालीवर लाकडाच्या भुश्शाची आणि विष्ठेची जाळीदार पट्टी.)

इथे मात्र थांबून चालणार नाही. ही साल खाणारी अळी. पेरू, आवळा, बोर, गुलमोहर, जुन्या झाडांवर ती हमखास सापडते. दिवसा खोडातल्या भोकात लपते, रात्री या जाळीखालून येऊन साल कुरतडते. आधी ब्रशने जाळी साफ करा, म्हणजे भोक दिसेल. त्यात सायकलची तार घालून अळी टोचून काढा. तार पोचत नसेल तर रॉकेलमध्ये भिजवलेला कापूस आत सारा आणि ओल्या मातीने तोंड लिंपून टाका. आठवड्याने परत बघा. ताजा भुस्सा दिसला, तर अळी अजून आत आहे, किंवा जवळपास दुसरं भोक आहे.