सात अक्षरांची जुळवाजुळव

इंदूरच्या श्रोत्यांना नमस्कार. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घ्या. ही सात इंग्रजी अक्षरं लिहा: ए, ई, जी, आय, एन, आर, टी. मात्र ओळीत लिहू नका, बांगडीसारखी गोलात लिहा. ओळीत लिहिली की नजर त्याच क्रमाने धावते आणि अडते. गोलाला सुरुवातच नसते, त्यामुळे नवनवे तुकडे दिसू लागतात.

स्क्रॅबल म्हणजे अक्षरांचे चौकोनी तुकडे, म्हणजे टाइल, बोर्डावर मांडून इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ. आपल्या टाइल ठेवायच्या पट्टीला रॅक म्हणतात. रॅकवर सातच टाइल असतात, आणि सातही एका खेळीत लागल्या तर शब्दाच्या गुणांवर वर 50 गुण मिळतात. म्हणून ही खटपट.

आता एखादा सुटा तुकडा शोधा. आय-एन-जी सापडला? तो बाजूला काढा. उरली ए, ई, आर, टी. चार अक्षरं जुळवणं सातांपेक्षा पुष्कळ सोपं: रेट दिसेल, टेअर म्हणजे फाडणे हेही दिसेल. घोटाळा इथेच होतो. रेटला आय-एन-जी लावताना शेवटचा ई गळतो, रेटिंग सहाच अक्षरांचं आहे. ई तसाच ठेवून सातही टाइल मांडल्या आणि समोरच्याने चॅलेंज केलं, म्हणजे असा शब्दच नाही असा आक्षेप घेतला, तर टाइल परत उचलायच्या आणि पाळीही गेली. टेअरिंग मात्र बरोबर. पण समजा, बोर्डावर त्याला जागाच नाही. मग आय-एन-जीचा मोह सोडा, तुकडा मोडा. जी-आर पुढे घ्या: ग्रॅनाइट. आय-एन पुढे घ्या: इन्ग्रेट, म्हणजे कृतघ्न माणूस. टी-ए-एन पुढे घ्या: टँजिअर, म्हणजे जास्त आंबटसर. रॅक तोच, शब्द चार.

आपल्या मराठी माणसाची एक वेगळीच अडचण असते. आपण शब्द कानाने शोधतो. देवनागरीत ऐकू येतं तसं लिहायची सवय, त्यामुळे हातात पी आणि एच असले तर ‘प’ आणि ‘ह’ सुचतात, ‘फ’ सुचत नाही. के, एन आणि दोन ई असले तरी ‘नी’, म्हणजे गुडघा, आठवत नाही, कारण त्यातला के ऐकूच येत नाही. यावर उपाय हातानेच करायचा. रॅकवर टाइल सरकवून जोड्या शेजारी-शेजारी ठेवायच्या: पी-एच, सी-एच, सी-के, टी-एच, जी-एच, के-एन. शेपटाला लागणारे ई-डी, ई-आर, ई-एस-टी रॅकच्या उजव्या टोकाला, तर आर-ई आणि यू-एन डाव्या टोकाला. एस पूर्ण पिशवीत चारच असतात. तो पाच-सहा गुणांसाठी खर्च करणं म्हणजे उधळपट्टी.

टाइलची संख्या आल्फ्रेड बट्स या अमेरिकी वास्तुविशारदाने वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून ठरवली. एकूण टाइल 100, त्यात ई 12, ए आणि आय नऊ-नऊ, दोन कोऱ्या, आणि क्यू फक्त एक, 10 गुणांचा. क्यू हाती आला की बहुतेक लोक यूची वाट बघत बसतात. यूही चारच. खेळ संपताना क्यू हातातच राहिला तर ते 10 गुण वजा होतात.

खरं तर क्यूच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. यूशिवायचे कितीतरी शब्द अरबीतून इंग्रजीत गेले आणि आपल्याही बोलण्यात आले. तलाक: टी-ए-एल-ए-क्यू, 14 गुण. फकीर: एफ-ए-क्यू-आय-आर, 17 गुण. काजी: क्यू-ए-डी-आय, 14. आणि सगळ्यात कामाचा दोन अक्षरी क्यू-आय, चिनी कल्पनेतली प्राणशक्ती. क्यू तिप्पट अक्षराच्या घरावर पडला आणि हा शब्द आडवा-उभा दोन्हीकडे जुळला, तर 31 आणि 31, एकूण 62. एवढ्याशा शब्दाला!

विशेषनामं चालत नाहीत. त्यामुळे होळकर बोर्डावर यायचे नाहीत, पण आर-ए-जे-ए हा राजा येईल, महाराणीही येईल. एल-ए-के-एच हा लाख, डी-एच-ओ-टी-आय ही धोती, टी-ओ-एन-जी-ए हा टांगा, सगळे चालतात. शब्दयादी मात्र डाव सुरू व्हायच्या आधीच ठरवून घ्या. कोलिन्स या ब्रिटिश शब्दकोशाच्या यादीत रिअलाइज एस घालूनही चालतो आणि झेड घालूनही, अमेरिकी यादीत फक्त झेडचा. पोहे-जिलबी खाताना ठरवलं तर भांडण टळतं.

सरावासाठी शब्द शोधून देणारी साइट वापरत असाल, तर तिला नेमकं काय विचारताय ते बघा. ‘यात ही अक्षरं हवीत’ आणि ‘फक्त याच अक्षरांतून’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यात क्यू, ए, टी टाकली तर क्वांटिटीसारखे लांबलचक शब्द येतील, ते तुमच्या रॅकवर बसणार नाहीत. अक्षरं सलग हवीत की कुठेही, याचाही रकाना वेगळा असतो. शब्दकोड्यासाठी अज्ञात घरांच्या जागी बहुतेक ठिकाणी प्रश्नचिन्ह टाकायचं, एका घराला एक.

आता वर्डल, म्हणजे लपवलेला इंग्रजी शब्द ओळखायचा ऑनलाइन खेळ. पाच अक्षरं, सहा प्रयत्न. अक्षर बरोबर जागी असेल तर हिरवं होतं, शब्दात आहे पण दुसऱ्या जागी असेल तर पिवळं. सगळ्यात वाईट सापळा म्हणजे शेवटची चार अक्षरं सापडणं. ए-टी-सी-एच हिरवं झालं की माणूस खूश होतो आणि बॅच, कॅच, हॅच, लॅच, मॅच, पॅच, वॉच असं एकेक टाकत सुटतो. हे सात झाले, आणि प्रयत्न तर मुळातच सहा! अशा वेळी एक प्रयत्न मुद्दाम वाया घालवा. क्लॅम्प टाका: सी-एल-ए-एम-पी. सी हिरवा आला तर कॅच. एल, एम किंवा पी पिवळा झाला तर अनुक्रमे लॅच, मॅच, पॅच. यातलं काहीच नसेल तर बॅच, हॅच, वॉच एवढेच उरतात, तेवढे प्रयत्न हातात ठेवूनच ही खेळी करायची. हार्ड मोड चालू असेल तर मात्र क्लॅम्प टाकता येत नाही, कारण तिथे हिरवी अक्षरं जागेवरून हलवू देत नाहीत. हार्ड मोडवाल्यांनी ए-टी-सी-एच पूर्ण व्हायच्या आधीच पहिल्या अक्षराचा छडा लावायला सुरुवात करावी.