उभ्या झाडांचा उत्सव

(पणजी येथील नागरिकांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नागरिक बंधुभगिनींनो,

1950 साली तत्कालीन केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला, आणि तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा रोपे लावण्याचा आठवडा ठरून गेला. गोव्यात तोवर मिरग लागून महिना होत आलेला असतो, जमीन चांगली मुरलेली असते, त्यामुळे रोपांसाठी हा काळ उत्तमच आहे. त्या उत्सवाबद्दल मला आदर आहे. मात्र शहरात राहणाऱ्या माणसांनी त्याच्या जोडीला आणखी एक उत्सव सुरू करावा, आणि तो आधीपासून उभ्या असलेल्या झाडांचा असावा, ही मागणी घेऊन मी आपल्यासमोर आलो आहे.

कांपालच्या रस्त्याने भर दुपारी चालणाऱ्याला या मागणीचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. तिथले पर्जन्यवृक्ष मूळचे दक्षिण अमेरिकेचे. पण त्यांच्या सावलीत या शहराच्या कित्येक पिढ्या शाळेत गेल्या आणि संध्याकाळी मांडवीच्या काठी फिरायला आल्या. अशी सावली तयार व्हायला अनेक दशके लागतात. एका जुन्या झाडाच्या बदल्यात चार रोपे लावली, की हिशेब मिटला असे कागदावर म्हणता येते, परंतु त्या चार रोपांखाली उभे राहून बसची वाट पाहणे आपल्या हयातीत बहुधा शक्य होणार नाही. वडापिंपळांची गोष्ट तर आणखी मोठी आहे. एका जातीची सगळी झाडे एकाच वेळी फळत नाहीत, त्यामुळे इतर झाडांवर फळ नसते अशा दिवसांतही तांबटाला, कोकिळेला आणि वटवाघळांना कुठल्या तरी वडापिंपळाकडे खायला मिळते. भर वस्तीतला एक वड तोडला, की या सगळ्यांचा शिधा तुटतो.

झाड वाचवायचे म्हणजे खोड वाचवायचे, असे आपण समजतो. वास्तविक शहरातले झाड बहुतेक वेळा मुळाकडून मरते. पाणी आणि अन्न शोषणारी बारीक मुळे जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरलेली असतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. आपल्याकडे तर मातीचा थर अनेक ठिकाणी पातळ असून खाली जांभा लागतो, म्हणून मुळांना खोल जाण्याऐवजी आडवेच पसरावे लागते. अशा झाडाच्या बुंध्याला भिडवून आपण सिमेंट ओततो, पदपथाच्या फरश्या बसवतो, गटारासाठी किंवा केबलसाठी एका बाजूने चर खणतो आणि वाटेत आलेली जाड मुळे कुऱ्हाडीने तोडतो. झाड लगेच वाळत नाही. ते दोन-तीन वर्षे हिरवे दिसते, आणि मग एखाद्या जूनच्या वादळात, मुळे तुटलेल्या बाजूचा आधार गेल्यामुळे, उभ्याच्या उभे कोसळते. अग्निशामक दलाचे जवान भर पावसात ते कापून रस्ता मोकळा करतात, आणि दुसऱ्या दिवशी शेजारची सर्व झाडे धोकादायक ठरतात. जो चर खणला गेला त्याची चौकशी मात्र कोणी करत नाही, याचे मला फार दुःख होते.

झाडाभोवती किमान एक मीटर जागा सिमेंटपासून मोकळी ठेवावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतील झाडांविषयी दिला होता. मोठ्या वडाला एक मीटर पुरणार नाही, तरी निदान तेवढ्यापासून आपण सुरुवात करू शकतो.

कायदाही आपल्या बाजूने आहे. 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि झाडांची गणना हे वृक्ष प्राधिकरणाचे एक कर्तव्यच आहे. लोक जागे असले तर कायदाही सुधारता येतो. 2016 मध्ये या कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून माड वगळला गेला, त्यावर गोवाभर संताप व्यक्त झाला, आणि 2017 मध्ये सरकारने माडाला राज्यवृक्षाचा मान देण्याचा निर्णय घेतला. उलट 2025 च्या सुरुवातीला पर्वरी येथे उड्डाणमार्गाच्या कामासाठी श्री देव खाप्रेश्वराचा वड हलवण्यात आला, तेव्हा भाविक आणि वृक्षप्रेमी रस्त्यावर उतरूनही तो त्याच्या जागी राहू शकला नाही. माझ्या मते अशा लढ्यांत आपण फार उशिरा पोहोचतो. रस्त्याचा आराखडा कागदावर असतो तेव्हाच त्या कागदावर प्रत्येक मोठे झाड दाखवलेले असले पाहिजे, आणि त्यासाठी ते आधी कोणीतरी मोजून नोंदवलेले असले पाहिजे.

म्हणून हा उत्सव एप्रिलमध्ये घ्यावा, असे मी सुचवतो. पावसापूर्वीची छाटणी त्यानंतर जोरात सुरू होते, आणि वीजतारांच्या निमित्ताने एकाच बाजूच्या फांद्या उतरवून झाडाचा तोल घालवण्याचे प्रकार त्याच दिवसांत घडतात. एका रविवारी सकाळी प्रत्येक वाड्यातल्या लोकांनी आपल्या सर्वांत जुन्या झाडाखाली जमावे, भजन म्हणावे, मुलांना त्या झाडाची माहिती सांगावी, ज्येष्ठांनी त्याच्या आठवणी सांगाव्यात. सुरंगीचा बहर टिकून असेल तर सुरंगीचे वळेसर आणावेत. त्याच बैठकीत फीत घेऊन छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजावा, बुंध्याभोवतीचे सिमेंट, ठोकलेले खिळे आणि फलक, पोखरलेल्या फांद्या यांची नोंद वहीत करावी, आणि तिची एक प्रत वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे व दुसरी महापालिकेकडे पोच घेऊन द्यावी. छाटणीसाठी माणसे येतील त्या दिवशी वाड्यातले निदान दोघे जण ती वही घेऊन झाडापाशी हजर राहतील, एवढे आजच या सभेत ठरवून आपण उठावे, अशी माझी विनंती आहे.